सहा वाजताची शांतता

सोमवार, ३ ऑगस्ट

आज पुन्हा क्लबात. अभ्यासासाठी! — हे मी स्वतःला कुठवर सांगणार?

गुरुवारी जाहीर सुनावणी आहे. माजी सैनिकांच्या या क्लबला आणखी पोकी, म्हणजे जुगाराची यंत्रं हवीत, आणि विरोधात बोलणार मी. युनियनच्या व्यासपीठांवर आयुष्य गेलं, खाणमालक माझ्या आवाजाला टरकायचे. या यंत्राचं पोटही मी वाचून काढलंय. बटण दाबलं त्याच क्षणी आतली चिप आकडा उचलते. निकाल तिथेच लागतो. नंतर फिरणारी चित्रं म्हणजे निव्वळ तमाशा. आधीचा डाव यंत्राला आठवत नाही. डॉलर लावून चाळीस सेंट आले तरी दिवे नाचतात, संगीत वाजतं — हरलेल्याला जिंकल्याचा भास!

शेजारच्या खुर्चीवर व्हाल्डा. नवरा गेल्यापासून तिचं दुपारचं जेवणसुद्धा इथेच. "आता देणार बघ हे. तापलंय चांगलं," म्हणाली. मी तिला वरचं सगळं ऐकवलं. यंत्र तापत नाही, थंड होत नाही, कुणाचं काही देणं लागत नाही.

"कळलं गं बाई. पण तू एवढी हुशार, मग माझ्या शेजारी बसून काय अंडी उबवतेयस?"

हसले. आणि बटण दाबलं.

मंगळवार, ४ ऑगस्ट

लिहवत नाही. तरी लिहितेच.

संध्याकाळी सहाला क्लबात दिवे मंदावतात. पेले खाली, टोप्या हातात, सगळे उठून भिंतीवरच्या ज्योतीकडे वळतात. युद्धात गेलेल्यांसाठी चार ओळी म्हटल्या जातात, मग मिनिटभर शांतता. झिंगलेला माणूसही ती मोडत नाही. त्या भिंतीवर माझ्या मामाचं नाव कोरलंय.

मीही उभी होते, ज्योतीकडे तोंड करून. पण त्याआधीच्या डावात पडद्यावर हत्तीची दोन चित्रं लागली होती आणि तिसरं केसभराने हुकलं होतं. तसं हुकत राहावं अशीच चित्रांची मांडणी असते — हे मला ठाऊक आहे! तरी माझा हात मागे गेला आणि बटणावर पडला. चुकून नव्हे.

ढोल, घंटा, हत्तींचे चीत्कार! त्या शांततेत.

क्लबचे अध्यक्ष मर्व्हिन, छातीवर पदकं, गर्रकन वळले. "कोण ते?"

"मी," व्हाल्डा म्हणाली. "कोपर लागलं माझं."

"लाज आहे का काही?"

"होती थोडी. तुमच्या यंत्रानं गिळली."

कुणी हसलं नाही. माझी जीभ — सभा पेटवणारी जीभ! — टाळूला चिकटलेली.

बुधवार, ५ ऑगस्ट

व्हाल्डाला महिनाभर क्लबबंदी. मी तिला फोनही केला नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट

दुपारी सुनावणी, क्लबच्याच हॉलात. बोलले. कधी नव्हे इतकं चांगलं बोलले, म्हणून तर जास्त लाज. "खेळायचंच असेल तर किती घालवायचे ते घरून ठरवून निघा. बँकेचं कार्ड सोबत नको. गजर लावा, वाजला की उठा. गेलेलं परत मिळवायला बसू नका. आणि एकटेपणा घालवायला तर मुळीच येऊ नका!"

टाळ्या थांबेनात. मर्व्हिननी स्वतः येऊन हात मिळवला. "आमच्या विरोधात बोललात, पण मानलं बाई तुम्हाला. त्या व्हाल्डासारख्यांनी ऐकायला हवं होतं."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "आभारी आहे."

हॉलातून बाहेर पडायची वाट यंत्रांच्या खोलीतून जाते. मी बाहेर पडले तेव्हा अंधार झाला होता. कार्ड पर्समध्येच होतं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

दिवसभर अंथरुणात. उद्या व्हाल्डाकडे. मग मर्व्हिनकडे. ठरलं!

शनिवार, ८ ऑगस्ट

व्हाल्डा मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला खत घालत होती. एका दमात सगळं बोलले — माझं चुकलं, मी गप्प बसले, आत्ता जाते आणि तुझी बंदी उठवून आणते.

तिनं फावडं टाकलं आणि माझं मनगट धरलं. "खबरदार, हेस्टर! तुला वाचवायला नव्हतं केलं मी ते."

"मग?"

"काउंटरवर एक अर्ज मिळतो. मला आत घेऊ नका, असं आपणच लिहून द्यायचं. कितीदा तिथवर गेले आणि परत त्या खुर्चीवर येऊन बसले. म्हटलं, आपल्याच्याने होत नाही, तर हाकलू देत त्यांनाच." मनगट सोडेना. "महिना तरी मिळालाय गं मला. तो काढून घेऊ नकोस."

रविवार, ९ ऑगस्ट

काउंटरवर तो अर्ज मागितला. तिथली मुलगी खुलली. "पुढच्या भाषणात दाखवायला ना, मॅडम?"

"नाही," म्हटलं. "भरायला."