होडीसाठी अस्तर

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? इथे सगळे बरे आहोत. म्हणजे मी, हे आणि हे गॅरेजमध्ये बांधताहेत ती होडी.

एक गंमत ऐक. होडीवर काचेचं कापड पसरून त्यावर चिकट रेझिन फासतात, हे तुला मागे लिहिलं होतं. पण त्या ओल्या रेझिनवर आणखी एक पातळ कापड बसवतात, तेही वाळल्यावर सोलून काढण्यासाठी! त्याला पील प्लाय म्हणतात. मी म्हटलं, "काढायचंच, तर लावता कशाला?" हे म्हणाले, "काढल्यावर बोट फिरवून बघ." बघितलं. खाली स्वच्छ आणि किंचित खरखरीत. पुढचा थर फारसं न घासता घट्ट बसतो. म्हणजे आपण कच्चा टाका घालून नंतर उसवतो, तसंच की!

मग ते कापड मध्येच संपलं. ह्यांनी मला न विचारता माझ्या कपाटातलं पांढरं सुती अस्तर लावलं. "दिसायला सारखंच तर आहे," म्हणे. सकाळी हे पक्कड घेऊन ओढताहेत आणि अस्तर ढिम्म हलत नाही. सुताने रेझिन पोटभर पिऊन घेतलेलं. सगळं घासून काढावं लागलं.

मी हसले. पण खरं सांगू, मला बरंही वाटलं. होडी झाली की हे नदीने थेट समुद्रापर्यंत जाणार, एकटेच. मला पाण्याची भीती, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. गॅरेजमधली ठोकाठोकी थांबली, तर या घरात मी काय करू?

पण स्वभावाला औषध नाही. कुठलं कापड सुटेल, हा किडा डोक्यात वळवळायला लागला. एका फळीवर रेझिन लावून चिंध्या चिकटवल्या. टेरिकॉट अर्धं फाटून आलं. कोटाला लावते ते नायलॉनचं अस्तर मात्र चर्रकन सोलून हातात! मी ओरडलेच. हे धावत आले, फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तू नसतीस तर होडी इथेच कुजली असती." घे, मारला की नाही आपल्याच पायावर धोंडा!

काल शेवटची पट्टी मीच ओढून काढली. आता रंग, आणि मग पाणी.

ह्यांनी बाकासाठी एक गादी शिवायला सांगितली. मी दोन शिवल्या. ह्यांनी त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच बाक लांब करायला फळी शोधू लागले.

आधी लिहिलं असतं तर तू ओरडली असतीस, म्हणून शेवटी लिहिते. मीही जातेय.

पाण्याला अजूनही तितकीच भिणारी,
तुझी धाकटी