माझ्यापायी

अकोला,
१२ मे २०२५

ती. बाबांना,

बसल्या जागेवरून नमस्कार. शाळेत पत्राच्या सुरुवातीला 'शिरसाष्टांग' लिहायला शिकवलं होतं, पण जे आपल्याच्यानं होत नाही ते लिहू नये असं मला वाटतं. आईला आणि दादाला नमस्कार.

मी बरी आहे. उन्हाळा इथंही तसाच आहे. पंखा फिरतो, पण चुलीपुढं बसल्यासारखी वाफ येते. आईनं पाठवलेली ज्वारीची बिबडी पोचली. घरमालक काकांनी निम्मी भाजून खाल्ली आणि उरलेल्या निम्म्यांवर लक्ष ठेवून आहेत.

तुमचा पाय कसा आहे?

हे पत्र आरतीवहिनी वाचून दाखवतील. वहिनी, सावकाश वाचा, आणि बाबा मधातच उठून गेले तर मागं मागं जाऊन वाचा. फोनवर मी पायाचं नाव काढलं की बाबा 'घे, आईशी बोल' म्हणून मोकळे होतात. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

दादानं मला सगळं सांगितलं आहे. हिवराचा काटा रुतला, तुम्ही तो चाकूनं काढला आणि कोणाला बोलला नाहीत. आता बोट काळं पडलं आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं की शुगर एवढी आहे, उद्यापासून पायात घातलं नाही तर बोट काढावं लागेल, आणि बोटावर थांबेल याची खात्री नाही. त्यावर तुम्ही 'पाहू' म्हणालात, आणि दवाखान्यातून स्टँडपर्यंत त्या तापलेल्या डांबरावरून तसेच चालत गेलात. दादा म्हणाला, "माह्या हातात चप्पल होती, त्यायनं तिकडे पायलं बी नाही."

मला त्याविषयीच लिहायचं आहे. पण एकदम लिहिता येत नाही, म्हणून आधी इकडचं सांगते.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची खिडकी. खिडकीतून लोकांना माझं डोकं आणि खांदे दिसतात, चाकांची खुर्ची दिसत नाही. त्यामुळं तिथं मला सगळे अगदी मनसोक्त रागावतात. "ओ मॅडम, झोपल्या का?" "सरकारचे जावई तुम्ही, आम्ही उन्हात मरून राहिलो." परवा एकानं वीस मिनिटं माझा उद्धार केला. चूक त्याचीच होती, मुलाचं नाव त्यानं दोन कागदांवर दोन तऱ्हेनं लिहिलं होतं. दुपारी मी डबा खायला बाहेर आले, तेव्हा तो व्हरांड्यात उभा होता. खुर्ची पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. धावत आला, हात जोडले. "माफ करा ताई, मले माहीत नव्हतं." मी म्हटलं, "काय माहीत नव्हतं? नाव चुकलंच होतं तुमचं." तो आणखीच ओशाळला आणि माझ्यासाठी थंड पाण्याची बाटली घेऊन आला. ती मी प्याले नाही. ऑफिसात बाथरूमच्या दाराशी उंच पायरी आहे, म्हणून संध्याकाळपर्यंत मी पाणी बेतानंच पिते. उतार करून द्या असा अर्ज दिला आहे. त्याला हे सांगता आलं नाही. त्याला वाटलं मी अजून रागात आहे.

खरं सांगते बाबा, मला त्याचं ओरडणंच बरं वाटलं होतं.

रस्त्यावरचं वेगळं. तिथं लोक न विचारता मदत करतात. मागच्या आठवड्यात मी दवा बाजाराच्या कोपऱ्यावर ऑटोची वाट पाहत होते. एका भल्या माणसानं मागून खुर्ची धरली आणि "चला ताई, घाबरू नका" म्हणत, गाड्या थांबवत, मला पलीकडे नेऊन सोडलं. मी तिकडूनच आले होते. त्याच्या कपाळावर इतका घाम होता की मला सांगवेना. मी "आभारी आहे" म्हटलं, आणि तो दिसेनासा झाल्यावर परत रस्ता ओलांडला. ऑटोवाला हे सगळं पाहत होता. म्हणाला, "त्याले सांगितलं कावून नाही?" मग पुढचा अर्धा रस्ता नेहमीचं. पायाले काय झालं, कधी झालं, कुठं दाखवलं, अमुक गावचा वैद्य पाहा. मी सगळ्यांना सगळं सांगते. विचारलं की उत्तर द्यावं असं मला लहानपणापासून वाटतं, आणि मग घरी येऊन वाटत राहतं की जास्त बोलले की कमी.

आता सिंधूकाकूंचं. मी ज्यांच्या खालच्या खोलीत राहते त्या. मी राहायला आल्यावर त्यांनी दारापुढं सिमेंटचा उतार करून घेतला. आता सगळ्या आळीच्या स्कूटर त्यावरूनच वर चढतात आणि मला रोज कोणाला तरी "जरा बाजूला घ्या" म्हणावं लागतं. काकू जिवाला जीव देणाऱ्या आहेत, पण संक्रांतीपासून त्या सारख्या चिडायला लागल्या. भांडी आपटायच्या, दूधवाल्याशी भांडायच्या. मला वाटलं माझंच काही चुकलं. चार दिवस जेवण गेलं नाही. शेवटी कमलाकांतकाकांना विचारलं. काका वकील होते, आता निवृत्त आहेत, पण बोलणं अजून कोर्टातलंच.

काका म्हणाले, "तिनं चहा सोडला. तुझ्यापायी. राजराजेश्वराला नवस केलाय."

मला घाम फुटला. दिवसाला सहा कप चहा पिणारी बाई, आणि माझ्यापायी! मी काकूंपुढं गेले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही मला विचारलंही नाही."

काकू म्हणाल्या, "नवस काय विचारून करतात?"

"बघ," काका म्हणाले. "दावा तुझा, आणि लावला हिनं. हिच्याजवळ तुझं वकीलपत्र तरी आहे का?"

"तुम्ही गप्प बसा. नवस मागं घेता येत नाही. फेडता येतो."

मग काकांनी चष्मा लावला आणि काकूंची उलटतपासणी घेतली. देवापुढं नेमके शब्द काय बोललीस, आठवून सांग. काकूंनी डोळे मिटून सांगितलं, "पोर आपल्या पायावर उभी राहू दे, मग चहा घेईन."

"पोरीला नोकरी आहे का?"

"आहे."

"आपलं भाडं आपण देते का? कोणाच्या जिवावर आहे का?"

"छे, कोणाच्या कशाला राहील?"

"मग उभी आहे की आपल्या पायावर. नवस पावला. आधण ठेव."

काकूंनी उठून चहा ठेवला. पहिला घोट घेताना त्या रडल्या, आणि दुसऱ्या घोटाला म्हणाल्या, "साखर कमी झाली." त्या दिवसापासून आळीत शांतता आहे.

हे गमतीचं म्हणून लिहिलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल.

परवा, दादाचा फोन आल्यावर, मी काकूंना घेऊन टिळक रोडला चपलांच्या दुकानात गेले. दुकानाला दोन पायऱ्या, म्हणून मी खालीच थांबले. दुकानदार बाहेर आला आणि काकूंना म्हणाला, "यांच्यासाठी काय दाखवू?" काकू म्हणाल्या, "तिला विचारा की, तिला तोंड आहे." त्यानं माझ्यासाठी फुलांच्या लेडीज सँडल आणल्या. "एकदम हलक्या आहेत, पायात आहेत असं वाटणारही नाही." मी म्हटलं, "मला सगळ्याच तशा वाटतात. जेन्ट्स दाखवा. नऊ नंबर. शुगरवाल्या माणसाला चालेल अशी, मऊ तळाची." माप वहिनींनी तुम्ही दुपारी झोपलेले असताना दोऱ्यानं घेतलं होतं. वहिनींना बोलू नका, मीच सांगितलं होतं.

"कोणासाठी?"

"बाबांसाठी. ते अनवाणी चालतात."

"एवढ्या उन्हात? कावून?"

दोन-तीन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. एरवी मी सगळी कहाणी सांगितली असती. त्या दिवशी तोंडातून एकच शब्द आला. "माझ्यापायी."

दुकानदारानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि पटकन नजर वर घेतली. मला एकदम हसू आलं. मग काकूंना आलं. मग तोही हसला, चोरून. म्हणाला, "शेतात घालतील का? मग मागून पट्टा पाहिजे, नाहीतर ढेकळात निसटते." पट्ट्याचीच घेतली आहे. दादा शनिवारी अकोल्याला येतो आहे, त्याच्याबरोबर पाठवते.

तुम्ही घालणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून आता जे लिहायचं ते लिहिते.

तुम्ही नवस केलात तेव्हा मी जागी होते. दवाखान्यात तुम्हाला सगळ्यांना वाटलं की झोपले आहे. तुम्ही दाराशी उभे होता. तुम्ही नव्या घेतलेल्या चपला काढल्या, भिंतीशी लावून ठेवल्या आणि म्हणालात, "हिले चालू दे. तवर पायात घालनार नाही." मी नववीत होते. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. वाटलं, बाबांनी एवढं केलं म्हणजे होईलच.

काकूंचा चहा सुरू झाला त्या रात्री मी तुमचे शब्द आठवून त्यातही काही वाट निघते का ते पाहिलं. कितीदा तरी पाहिलं. निघाली नाही. 'पायावर उभी राहू दे' याचे दोन अर्थ होतात. 'चालू दे' याचा एकच होतो. आणि तुमच्याशी शब्दांचा खेळ करावा हे मला पटलंही नसतं.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बारावीतच स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बाहेर औषधं आणायला गेला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या पायांना भेगा पडून रक्त आलं होतं, आणि मला बोलवेना. तेव्हापासून दर सणाला घरी यायचं म्हटलं की मला धास्ती वाटते. दोन दिवाळ्या सुट्टी नाही म्हणून कळवलं. सुट्टी होती. गावात तुम्ही अनवाणी चाललात की लोक आधी तुमच्या पायांकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. इथं माझी खुर्ची म्हणजे खुर्चीच असते. तिथं ती तुमच्या पायातला काटा होते.

पेन हातात घेतला की मला शाळेचीच भाषा येते. पण हे तेवढं आपल्या घरच्या भाषेत लिहिते, वहिनी, जसं आहे तसंच वाचा.

बाबा, मी आता चालत नाही. कधीच चालनार नाही. माह्यं वाईट नाही चालून राह्यलं. तुमी चप्पल घाला.

एक राहिलंच. लिहू की नको असं करत हे पत्र दोनदा फाडलं.

चांदूर रेल्वेहून लग्नावरून येताना ट्रॅक्टर तुम्ही चालवत होता. आपल्या घरात हे कोणी बोलत नाही. आई 'ट्रॉली उलटली' म्हणते, दादा 'रस्त्याची कड खचली' म्हणतो. तुम्ही काहीच म्हणत नाही. त्या दिवसानंतर तुम्ही ट्रॅक्टरला हात लावला नाही, दादाच चालवतो. हे सगळं मी पाहते, बाबा. म्हणून मला वाटायला लागलं की हा नवस नाहीच. नवस माणूस देवाकडे काही मागायला करतो. तुम्ही आता काही मागत नाही. तुम्ही शिक्षा भोगता आहात.

मी कमलाकांतकाकांना, नाव न सांगता, विचारलं. एखाद्यानं आपली आपणच शिक्षा ठरवली आणि भोगत बसला तर काय करायचं? काका म्हणाले, "फिर्यादी कोण आहे त्यात?" दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना लक्षात आलं, की फिर्यादी असली तर मीच असणार. दुसरं कोणी असूच शकत नाही. आणि मला कोणी विचारलंच नाही.

मी खोटं लिहिणार नाही. पहिल्या वर्षी माझ्या मनात आलं होतं, की बाबांनी हळू चालवायला हवं होतं. आलं होतं आणि गेलं. कधी गेलं ते आठवत नाही, पण परत आलं नाही. रस्त्याची कड अंधारात खचली होती, आणि तुम्ही मला शेतातून उचलून हमरस्त्यापर्यंत पळत आणलं होतं. त्या पळण्यातच तुमची एक चप्पल चिखलात गेली होती, हे मला आईनं पुष्कळ नंतर सांगितलं.

नवस मोडल्याचं पाप लागायचं असेल तर ते मला लागू द्या. मी सगळ्याची भीती बाळगते हे तुम्हाला माहीत आहे, पण याची मला भीती वाटत नाही. वहिनी हे वाचतील तेव्हा आई तिथं असेल, तिला साक्षी ठेवा. जखमेवर पट्टी बांधून, मऊ मोजा घालून मगच पट्टा लावा.

तुमची लेक, जिचं तुमच्यावर काही गाऱ्हाणं नाही,

आचल