अप्पांचं मत

हिल्सबरो, ऑकलंड

प्रिय सिद्धी,

तुझा मेसेज पोचला. फोनवर अप्पांचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय. तू उत्तर इंग्रजीत दिलंस तरी चालेल.

मागच्या अंगणात फिजोआच्या हिरव्या फळांचा सडा पडलाय. अप्पा बादलीभर वेचून शेजारी वाटतात. काही दारं उघडतात, काही नाही.

तुझी तमिळ आजी, अप्पांची आई, तिकडे तिरुनेलवेलीला एकटीच असताना वारली, तेव्हा तू फार लहान होतीस. इथे यायच्या तिच्या व्हिसाचं उत्तर आलंच नव्हतं. त्यानंतर अप्पांनी युनिव्हर्सिटीत संशोधनाला एकच विषय धरला: परदेशी गेलेल्या मुलांचे मागे राहिलेले आईवडील. पुढे पक्षाची माणसं येऊन म्हणाली, "डॉक्टर, नुसते पेपर लिहून काय होणार?" अप्पांना ते पटलं. खासदार म्हणून निवडून आले त्या दिवशी ओटाहुहुच्या हॉलमध्ये उर्मिलाकाकूंनी त्यांना ओवाळलं. त्यांचा मुलगा प्रसन्न अप्पांचा लाडका विद्यार्थी.

मग पालकांच्या व्हिसाचे नियम कडक करायचं विधेयक त्यांच्याच पक्षानं आणलं. मी म्हटलं, राजीनामा द्या. ते म्हणाले, "वसू, आत राहिलो तर पुढे काही बदलता येईल. बाहेर पडलो की मी पुन्हा नुसता प्रोफेसर." त्यांनी पक्षाबरोबर मत दिलं. "यू रोट द बुक ऑन धिस, अप्पा!" असं ओरडून तू तिकडे वेलिंग्टनजवळ पोरिरुआला निघून गेलीस, ते तुझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

नव्या नियमामुळे उर्मिलाकाकूंना प्रसन्नला सोडून साताऱ्याला परतावं लागलं. तिथे त्या न्हाणीघरात पडल्या आणि तिथेच गेल्या. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही प्रसन्नकडे गेलो. त्यानं चहा केला, समोर ठेवला आणि म्हणाला, "सर, हे असंच होतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं." अप्पांनी कपाला हात लावला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "मला पुढे काहीच बदलता आलं नाही, वसू."

पुढची निवडणूक ते हरले. मला वाटलं, सुटले. पण नाही. आता ते लायब्ररीत बसून लोकांना व्हिसाचे अर्ज भरायला मदत करतात. कुणी ओळखतं आणि उठून जातं. ते मान खाली घालून पुढच्या माणसाची वाट बघतात.

तू आई होणार, हे वाचून मी रडले गं. पण खाली लिहिलंयस, बाळंतपणाला फक्त तू ये, अप्पा नकोत. त्यांनीही ते वाचलं. "तिचं बरोबर आहे, तू जा," म्हणाले आणि गॅरेजमधून माझी बॅग काढून पुसून ठेवली. सिद्धी, मी एकटी येणार नाही. म्हाताऱ्या आईबापांना दाराबाहेर ठेवणारा नियम त्यांनी होऊ दिला, म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. आता तोच नियम तू आपल्या घराला लावतेयस, बाळा. वेलिंग्टनची दोन तिकिटं काढू का, तेवढं कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई