चाफ्याचा तांबेरा

बोरिवली पूर्व,
४ मे २०२५

प्रिय सुयोग,

अनेक आशीर्वाद. रुचिरालाही. तिचं नाव पहिल्याच ओळीत घेतलंय, लक्षात घे.

तुझा पत्ता शोधताना माझी वाट लागली. नंबर बदललास आणि कुणाला कळवलाही नाहीस, धन्य आहेस बाबा. शेवटी मढला गेले, तू ज्या बंगल्याची बाग बघायचास तिथे. आत शूटिंग चालू होतं, गेटवर मला कोण विचारतंय? तुझ्या हाताखाली बागेत काम करायचा त्या खंडूने ओळखलं म्हणून बरं. त्याच्याकडे तुझ्या हुबळीच्या नर्सरीचं कार्ड निघालं. त्यावर फोन नंबर आहे, पण हे मला फोनवर बोलता यायचं नाही. म्हणून लिहिते.

आधी चाफ्याची बातमी. बाबांनी खिडकीसमोर लावलेला आपला चाफा स्वच्छ झालाय. तू गेलास तेव्हा तांबेऱ्याने काय दशा झाली होती त्याची! वरून पिवळे ठिपके, आणि पान उलटलं की नारिंगी पूड बोटाला यायची. आता एका पानावर डाग नाही. मी स्वतः बघितलंय.

जाताना तू काय बोललास, आठवतं? गौरी आल्या होत्या. नवी सून म्हणून रुचिराचा पहिला ओवसा होता, गौरीपुढे ओवाळायचं सूप भरून ठेवलं होतं, आणि ऐनवेळी आई तिचं आधीचं लग्न काढून म्हणाली, "ती एकदा ओवसलेली हा, दुसऱ्याच्या घरात. माझ्या गौरीक नको." रुचिरा उठून आत गेली. तू बॅग भरलीस. आई फाटकापर्यंत आली तुमच्या मागे. थांब म्हणेल असं मला वाटलं होतं. पण तिच्या तोंडून निघालं काय, तर, "आणि चाफ्याक औषध कोण मारतलो?" तू वळून म्हणालास, "पानं साफ झाली की येईन."

तू चिडून बोललास ते कळतंय रे मला. तिने मात्र ते शब्द धरून ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागली. तू शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं. पडलेलं पान जमिनीवर राहू द्यायचं नाही, पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. पाणी बुंध्याशी, तेही सकाळी, पानं ओली ठेवायची नाहीत. आत दाटी झालेल्या फांद्या काढायच्या, वारा खेळला पाहिजे. पावसाच्या आधी मोरचूद-चुन्याचं पाणी, पानाच्या खालच्या बाजूने. तोंडाला फडकं बांधून पंप घेऊन उभी राहायची, आणि मी ऑफिसातून आले की माझी बॅग खाली ठेवायच्या आधीच, "दर्शना, खालसून बघ गो, माका दिसत नाय."

सोसायटीशी भांडणं तर विचारू नकोस. आपल्या सेक्रेटरीने, त्या विद्याधरने, झाडांची सगळी पानं खताच्या खड्ड्यात टाकायचा ठराव केला. खड्डा कुठे, तर चाफ्याच्या शेजारी. आई खड्ड्यात हात घालून रोगट पानं उचलायची. लोक हसायचे. मीही एकदोनदा वैतागले तिच्यावर. पण खरं सांगू, मला तिचा राग यायचा त्याहून जास्त तुझा यायचा.

गेल्या पावसात तांबेरा खूपच कमी होता. त्या गौरीला तिने दोन सुपं भरली. एक माझं. दुसरं कुणाचं, मी विचारलं नाही. हळदकुंकू वाहून ते देवाजवळ ठेवलं, दारात जाऊन उभी राहिली. एवढंच तिला जमायचं, माफी वगैरे तिच्या तोंडून कधी निघाली नाही.

त्यानंतर ती विसरायला लागली. गॅस, किल्ल्या, मी जेवले की नाही. वयाचं म्हणून मी सोडून दिलं. मग डिसेंबरात चाफ्याची पानं झडायला लागली.

थंडीत चाफा झडतोच. कोकणात, देवळासमोर चाफा असलेल्या गावात वाढलेली बाई ती, तिला हे सांगायला हवं होतं का? पण ते तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. तांबेऱ्याचं सगळं लक्षात होतं, हे तेवढं नव्हतं. उघड्या फांद्या बघून तिने जेवण सोडलं. "झाड मेला गो. आता तो येवचो नाय." मी रोज समजावलं. तेवढ्यापुरती मान डोलवायची, सकाळी परत तेच.

जानेवारीत मी ऑफिसात असताना तिने स्वयंपाकघरातलं स्टूल खाली नेलं आणि त्यावर चढून उघड्या फांद्यांवर औषध मारलं. एक पान नव्हतं रे झाडावर. स्टूल कललं. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, पण पलंगावर पडून पडून न्यूमोनिया झाला. तेव्हाच तुला शोधायला सुरुवात केली मी. जुन्या नंबरावर फोन करत राहिले. हॉस्पिटलात ती प्रत्येक नर्सला विचारायची, पानं आली काय? एक नर्स, देव तिचं भलं करो, म्हणाली, हो आजी, आली. तेव्हा आईने दाराकडे तोंड करून झोपवायला सांगितलं. मग कूस बदलूच दिली नाही.

सुयोग, आई गेली. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. अग्नी मी दिला. खंडूची आठवण मला नंतर झाली, ती आधी का झाली नाही म्हणून अजून स्वतःवर चडफडते.

गेल्या महिन्यात चाफ्याला पालवी फुटली. तू म्हणालास तशी, अगदी साफ.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. पाऊस लागला की तांबेरा परत येईल, आणि पंप मी माळ्यावर टाकून दिलाय. खाली उतरवायचा असेल तर तुझा तू उतरव. दुसरं सूप अजून देवाजवळच आहे, ते रुचिराचं.

पाकिटात चाफ्याचं एक पान घातलंय. पोचेपर्यंत सुकेल. ते उलटून बघ. मागून बघायचं असतं, तूच तिला शिकवलं होतंस.

तुझी
दर्शनाताई