रोकडे मास्तरांचा शुक्रवार

शनि., ३० मे
रेडिओ केंद्रावर दिवसभर जुनी जन्मतारखांची वही कॉम्प्युटरवर उतरवली. किती गवई, किती रचनाकार, सगळ्यांची नावं दोनदा तपासली. तारखेप्रमाणे लावल्यावर दिसलं की एक जूनला नऊ जण! नऊ. दुसऱ्या कुठल्याही तारखेला दोनाच्या वर नाहीत. अंगावर काटा आला.
करंदीकर मॅडमना ठाण्याला फोन केला (दोन दिवस लेकीकडे आहेत). म्हटलं, सोमवारी सकाळी सातला ‘एक जूनचे रचनाकार’ असा खास कार्यक्रम करू या? त्या नातवाला भरवत होत्या. “कर. लिहून ठेव, मी येऊन वाचते.”
पहिल्यांदाच अख्खा कार्यक्रम माझा. बारावी अर्धवट सुटलेल्या मुलाला कोण देतं.

रवि., ३१ मे
लिहून झालं, सहा पानं. सगळ्यांत आवडली ती अर्जुन रोकडे यांची देसकार रागातली बंदिश. एकच कॅसेट आहे, आंबिवलीजवळच्या मोहन्याच्या कुठल्या तरी मंडळात भरलेली. मधेच कुकरची शिट्टी ऐकू येते. वहीत मृत्यूचा रकाना कोरा. तसा बऱ्याच जणांचा कोरा आहे, माहिती नसेल म्हणून. जन्मसाल बघितलं आणि सगळ्यांसारखं ‘कै.’ लिहिलं.

सोम., १ जून
मॅडमनी छान वाचलं. देसकार लागला आणि सात वीसला फोन वाजला. मीच घेतला.
“मी सुनंदा रोकडे, मोहन्यावरून. ते अर्जुन रोकडे म्हणालात ना, ते माझे बाबा. समोर बसून चहा पितायत.”
मागून म्हाताऱ्या माणसाचं हसणं ऐकू आलं. “त्याला म्हणावं, गाणं संपेपर्यंत तरी मरू दे. चांगलं लावलंय.”
मॅ. माइक बंद करून बाहेर आल्या. “अरे, ऱ्हस्व-दीर्घ एवढं जपतोस, आणि जिवंत माणसाला कैलासवासी केलंस? तेही माझ्या तोंडून?”
आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

मंगळ., २ जून
केंद्रावर गेलो, कोणाकडे बघितलं नाही. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. एक जूनचं सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता हसत सुटली.
“अरे बावळटा, तुझ्या आजोबांची पण एक जूनच! शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर एक जून टाकायचे. म्हणजे जूनला शाळेत बसायला वय भरतं.”
म्हणजे ते नऊ जण एका दिवशी जन्मलेच नव्हते. नुसते शाळेत गेले होते.
माझी तारीख हॉस्पिटलच्या दाखल्यावरची, मला कसं कळणार? असं म्हटलं, पण मनाला पटलं नाही.

बुध., ३ जून
मॅ. म्हणाल्या, स्वतः जाऊन माफी माग. काय न्यायचं ठरेना. हार नको, हार बघून काय वाटेल त्यांना. फुलंही नकोत. शेवटी डझनभर पायरी आंबे घेतले. आंबिवलीला उतरून चालत गेलो, दोनदा परत फिरलो.
चाळीतली खोली. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती, माळ्यावर गोधडीत गुंडाळलेलं काही तरी लांबट. मास्तर बारीक, ताठ. चाळीतल्या पोरांना पेटी शिकवायचे म्हणून मास्तर, नोकरी रेयॉन कंपनीत.
“हा काय, मला मारणारा? ये, बस. काल दोन जण आलेले मयताला. त्यांना चहा पाजून पाठवलं.”
पाया पडायला वाकलो. म्हणाले, “राहू दे रे, हात मिळव.”
माफीचं लिहून नेलेलं वाचायला लागलो, तर कागदच काढून घेतला हातातून.
मी विचारलं, खरी जन्मतारीख कुठली? त्या दिवशी परत लावतो.
“आई सांगायची, भात कापायला आलेला तेव्हा. आता लाव तारीख!” मग म्हणाले: “मला विचारशील तर शुक्रवारी लाव. आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. गुरुवारची तिसरी, रात्रीची पाळी सुटली की सकाळी घरी येऊन, आंघोळ करून तंबोरा घ्यायचो. सगळ्या बंदिशी शुक्रवारच्याच. आमचा सण तोच.”
“आता गाता का?”
सुनंदाताई आंबा चिरत होत्या, सुरी थांबली.
“कंपनी बंद झाली आणि सगळेच दिवस सुट्टीचे झाले. मग गायचं कधी?”
मी एकदम बोलून गेलो, “येत्या शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी सकाळी सात वाजता, आमच्या केंद्रावर.”
ते म्हणाले, “मी जिवंत आहे हे तूच सांगायचंस रेडिओवर. कागद न घेता. मग बघू.”
‘मग बघू’ म्हणजे गातील की नाही?

शनि., ६ जून
मॅ.च्या तक्त्यात जयंत्या, पुण्यतिथ्या, गुरुपौर्णिमा, दिवाळी. नुसत्या शुक्रवारला जागा नाही.
“शुक्रवार हा काय सण आहे का रे?”
जे ऐकलं ते सगळं सांगितलं, सुट्टीचंसुद्धा. चष्मा पुसत बसल्या. मग लाल पेन घेऊन बारा तारखेच्या चौकोनात स्वतः लिहिलं: रोकडे मास्तरांची सुट्टी. वर म्हणाल्या, “आणि कागद न घेता, म्हणजे न घेता. मी स्टुडिओत येणार नाहीये.”
आयुष्यात माइकवर बोललेलो नाही.

गुरु., ११ जून
चार वाक्यं पाठ केली. आईसमोर म्हटली तर तिसरं विसरलो. ती म्हणाली, “तिसरं गाळ, कोणाला कळतंय.” मला कळतं ना.
दुपारी सुनंदाताईंना फोन. येणार का? गाणार का?
“काल तंबोरा माळ्यावरून काढायला लावला. सकाळपासून पुसतायत. एक तार गेली होती, ती बदलली. गाणार का विचारलं तर म्हणतात, त्या पोराची परीक्षा आहे, मला काय विचारतेस.”

शुक्र., १२ जून, स. ६.५०
आलेत! रिक्षातून, तंबोरा मांडीवर आडवा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आंघोळ करून आल्याचा साबणाचा वास.
आत बसलेत. तंबोरा लावतायत. काचेतून ऐकू येत नाही, नुसती बोटं दिसतात. सुनंदाताई माझ्या बाजूला, पदर तोंडाला लावून.
मॅ.नी कॅसेट तयार ठेवलीय. “नाही गायले तर ही लावू.” मला ती कॅसेट बघवत नाही.
६.५६. मास्तरांनी हाताने बोलावलं. आत गेलो तर हळूच म्हणाले, “आवाज लागेल की नाही माहीत नाही रे. तुझा?”
म्हटलं, माझाही माहीत नाही.
“मग ठीक आहे. आधी तू.”
पेन घ्यायला बाहेर आलो खोटंच. चार वाक्यांचा कागद फाडला. मास्तर काचेतून बोट दाखवतायत: वहीसुद्धा बाहेर.
६.५९. वही ठेवतो.