सोबत कुटुंबातील एक व्यक्ती

शुक्रवार, १९ डिसेंबर १९९७. सकाळी.
जिंकलो. विरोधी पक्षाचा माणूस राष्ट्राध्यक्ष होण्याची ही देशाच्या इतिहासातील पहिलीच वेळ. आणि तो माणूस आमच्या जोल्ला प्रांताचा. शिवाय कॉमर्सवाला. ते व्यापारी शाळेत शिकले, मी बी. कॉम. केले, म्हणजे शिक्षणापुरते पाहता मी किंचित पुढेच.

काल दिवसभर मतदान केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. सासूबाई बुधवारी दैगू येथे वारल्या. हिला तत्काळ दैगूच्या बसमध्ये बसवून दिले. बस आमच्याच कंपनीची, मी कंपनीचा मुख्य लेखापाल, त्यामुळे खिडकीची जागा मिळाली. मी स्वतः गेलो नाही. जावयाने तीन दिवस तेथे बसावे ही रीत मला ठाऊक आहे. परंतु इतिहास रोज घडत नाही, व माझ्या केंद्रावर बदली माणूस नव्हता. पुष्पचक्र पाठवले. मोठे.

आज पहाटे दैगूला फोन केला. फोन सांत्वनाचाच होता. निकालाचा उल्लेख ओघात आला. पलीकडे हिचे थोरले बंधू जोंगदाल होते. दैगूकडची मंडळी आमच्या प्रांताला आजवर पाण्यात पाहत आली. तेव्हा ही बातमी त्यांना प्रथम माझ्याकडून कळावी, असे वाटणे अस्वाभाविक नाही.  फोन बंद पडला. दैगूची लाइन खराब आहे.

रविवार, २८ डिसेंबर.
ही अंत्यविधी आटोपून परस्पर राजधानी सोलला उनसिलकडे गेली. उनसिल ही आमची एकुलती एक मुलगी. नातवाला खोकला झाला आहे. खोकला गेला की ही येईल.

बुधवार, १४ जानेवारी १९९८.
खोकला अद्याप गेलेला नाही. लहान मुलांच्या खोकल्याबाबत सोलचे डॉक्टर बेफिकीर दिसतात.

शपथविधी २५ फेब्रुवारीस, सोलमध्ये, संसद भवनासमोर. मी प्रत्यक्ष हजर राहणार. हिलाही सोबत नेणार. हिच्या माहेरी लग्नात मला 'जोल्लाचा माणूस' म्हणून शेवटच्या पंगतीला बसवले होते. आता हिने माझ्या शेजारी पहिल्या काही रांगांत बसून आमचा माणूस शपथ घेताना पाहावा. मग मनात काही किल्मिष उरले असेल (उरलेले नाही, तरी) ते निघून जाईल. समारंभानंतर तेथूनच दोघांनी घरी यायचे. योजना निर्दोष आहे.

पक्षाच्या स्थानिक शाखेचे हिशेब मी इतकी वर्षे विनामूल्य लिहिले. निमंत्रण मिळालेच पाहिजे.

बुधवार, २८ जानेवारी. चांद्र नववर्ष.
ही आली नाही. सणाच्या दिवशी रस्त्यांवर किती गर्दी असते, हे बसकंपनीच्या माणसाला कोणी सांगायला नको.

पूर्वजांना नैवेद्य मीच मांडला. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, हे पुस्तकात सापडले. फळांचे सापडले नाही. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या सुनरेबाईंनी तांदळाच्या चकत्यांचे सूप आणून दिले. ताटाकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, पूर्वज आज उपाशी जाणार नाहीत, पण गोंधळतील मात्र." नंतर विचारले, "वहिनी केव्हा येणार?" मी खोकल्याचे सांगितले. "अगंबाई," म्हणाल्या, "एवढा खोकला म्हणजे मोठ्ठंच पोर दिसतंय."

रविवार, १ फेब्रुवारी.
हिचा फोन. डिसेंबरनंतर पहिलाच. आवाज बरा वाटला. म्हणाली, "मंगळवारी आईचा एकोणपन्नासावा दिवस. दैगूच्या देवळात अखेरच्या निरोपाचा विधी आहे. मी जातेय. तुम्ही येणार का?"

नेमका मंगळवार. मंगळवारी शाखेत निमंत्रणपत्रिकांचे वाटप आहे; जो समक्ष नाही त्याची पत्रिका दुसऱ्याला जाते. हे सारे मी हिला क्रमाने समजावून सांगितले. पत्रिका आपल्या दोघांसाठीच आहे, हेही सांगितले.  ही म्हणाली, "बरं."

पटलेले दिसते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.
मिळाली! जाड, पांढरी, वर सोनेरी मुद्रा. 'आपण व सोबत कुटुंबातील एक व्यक्ती.' सोबतच्या व्यक्तीचे कार्ड वेगळे आहे, हे उत्तम.

सुनरेबाईंना दाखवली. त्यांनी ओल्या हातांनी धरल्यामुळे थोडा त्रास झाला. "आज सासूबाईंचं काहीतरी होतं ना हो?" असे त्यांनी विचारले. होते, परंतु दैगू लांब आहे, असे मी म्हणालो. त्यावर ही बाई म्हणते, "दैगूची गाडी तुमच्या कंपनीची, पास तुमच्या खिशात. लांब ते कुठून आलं?" हिशेब न शिकलेल्या माणसाला प्राधान्यक्रम समजावणे अवघड असते.

मंगळवार, १० फेब्रुवारी.
हिचे कार्ड रजिस्टर्ड पोस्टाने सोलला रवाना. सोबत सूचना टाइप करून: कोणते प्रवेशद्वार, कोणती रांग, ओळखपत्र, जाड मोजे. शेवटी हाताने एक ओळ लिहिली: 'वेळेवर ये.' आणखी काही लिहिणार होतो. जागा पुरली नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी.
उत्तर नाही. मुदतीत हरकत आली नाही म्हणजे मंजुरी, हा सर्वमान्य नियम आहे. परतीची दोन तिकिटे काढली, शेजारशेजारची.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. सोल.
सुनरेबाईंनी हिच्यासाठी मुरवलेल्या पाकट माशाचा डबा दिला. आमच्याकडे त्याच्याशिवाय शुभकार्य होत नाही, आणि हिलाही तो आवडतो. लग्न झाल्यापासून एकदाही तक्रार नाही. परंतु गाडीत हीटर चालू होता. समोरच्या सोलच्या तरुणाने प्रथम बूट तपासले, मग मला विचारले, "काका, या डब्यात कोणी वारलंय का?" दोन बाकांवरची माणसे उठून गेली. जागा ऐसपैस झाली.

उनसिलचे घर लहान आहे, म्हणून स्टेशनजवळ एका साध्या लॉजमध्ये उतरलो. लॉजवाल्याने पाकट गच्चीवर ठेवायला लावला. संध्याकाळी उनसिलला फोन केला. "बाबा, आई झोपली आहे," म्हणाली. बाहेर अजून उजेड होता. मागून नातू हसत असल्याचे ऐकू आले. खोकला गेला, हे चांगले झाले. "आईला कार्ड मिळालं का?" विचारले. "मिळालं," म्हणाली. "उद्या येते ना?" विचारले. तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

हिला विश्रांतीची गरज आहे. उद्याचा दिवस मोठा. म्हणूनच लवकर झोपली.

बुधवार, २५ फेब्रुवारी. दुपारी, परतीच्या गाडीत.
वेळेच्या बऱ्याच आधी जागेवर होतो. ऊन होते, तरी वारा बोचरा. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला. ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांना पत्नी येत आहे असे सांगितले. मग एक गृहस्थ न विचारताच रुमाल उचलून बसला. त्याला नियम दाखवण्यासाठी वळलो.

जोंगदाल.

"जावईबापू, सरका जरा," म्हणाले. "तुमच्या कोटावर बसलोय मी."

मी सौजन्याने म्हणालो, मेहुणे, तुमचा पक्ष हरला, तरी आलात, हे मोठेपणाचे आहे. ते म्हणाले, "मला काय करायचाय राष्ट्राध्यक्ष. मालसुनने पाठवलं. म्हणाली, दादा, ते रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतील. तू जाऊन बस."

मालसुन हे हिचे नाव. बरीच वर्षे कोणी उच्चारलेले ऐकले नव्हते.

बँड सुरू झाला. मेहुण्यांनी खिशातून संत्रे काढले, सोलले, अर्धे मला दिले. मग समोर पाहतच बोलू लागले. "त्या पहाटे तुमचा फोन आला, तेव्हा आईला उचलायची तयारी चालली होती. तुमचं नाव ऐकून मालसुन धावत आली. सगळ्यांना म्हणाली, बघा, निघाले ते. वाटेतून फोन केलाय. फोन ठेवल्यावर विचारलं, कुठवर आलेत? मी काय सांगणार? म्हटलं, निवडून आलेत."

मी नमूद केले की वाटेतून फोन करणे शक्यच नव्हते. त्या रस्त्यावर फोनची सोय असलेला थांबा त्या वेळी उघडा नसतो. मेहुणे म्हणाले, "हो, ते तिला नंतर कळलंच."

शपथ नेमकी केव्हा झाली, ते लक्षात आले नाही. सगळे उभे राहिले म्हणून मी उभा राहिलो. हातात संत्रे होते. दैगूचा माणूस टाळ्या वाजवत होता. माझ्या वाजवायच्या राहून गेल्या.

गर्दी पांगल्यावर ते म्हणाले, "उनसिलचं घर इथून जवळ आहे. मालसुन घरीच आहे. दार उघडेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही दारापर्यंत तर चला."

मी घड्याळ पाहिले. परतीची तिकिटे आरक्षित होती. शिवाय न कळवता कोणाकडे जाणे बरे दिसत नाही. ते त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, टोपी घातली. म्हणाले, "जावईबापू, तीस वर्षं मी तुम्हाला गर्विष्ठ समजत होतो. तुम्ही तर नुसते भित्रे निघालात." आणि पाठीवर हात ठेवून गेले. उद्धटपणा म्हणावा, तर हात बराच वेळ होता.

पुढच्या वेळी कळवून जाईन. शेजारच्या सीटवर कोट ठेवला आहे.

सोमवार, २ मार्च.
ऑफिसात सर्वांना समारंभाचे वर्णन सांगितले. वर्तमानपत्र आधी नीट वाचून गेलो होतो, त्यामुळे तपशिलात चूक झाली नाही. साहेबांनी विचारले, "वहिनी होत्या ना बरोबर?" शेजारची जागा भरलेली होती, असे उत्तर दिले. हे अक्षरशः खरे आहे.

गुरुवार, ५ मार्च.
उनसिलचा फोन. आईचे उन्हाळी कपडे पाठवा, म्हणाली.

घरात अजून हीटरशिवाय बसवत नाही. सोलमध्ये उन्हाळा लवकर सुरू होत असावा.

कपाट उघडले. घड्या एकसारख्या, एकावर एक. बराच वेळ उभा होतो. यांतले उन्हाळी कोणते, ते कळत नाही.