फळ्यावरच्या ओळीखालचं नाव

मी, विष्णुपंत गोविंदराव वालूरकर, वय ७१, धंदा पूर्वी मास्तरकी व आता खोकला, राहणार सेलू, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून ते लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारी माणसं आता या घराकडे फारशी फिरकत नाहीत. डोकं शाबूत आहे. बाकी शरीराची हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून ही घाई.

कलम १. राहतं माळवदाचं घर माझ्या कमाईचं आहे. ते मुलगा अनंत याला द्यावं, मात्र रस्त्याकडची भिंत सोडून. ती भिंत, तिच्या पायाच्या जागेसह, मुलगी हेमा हिची. हेमाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीला छिन्नी लावू नये. अनंत पुण्याला असतो. भिंत पाडून तिथे शटरची तीन दुकानं काढायचं त्याच्या मनात आहे. दिवाळीत म्हणाला, "बाबा, खडूसाठी एवढी मोक्याची जागा अडवून ठेवायची का?" होय, ठेवायची.

भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन आहे, त्याला गाव पंतांचा फळा म्हणतं. रोज सकाळी मी त्यावर सहज सुचलेल्या दोन-चार ओळी लिहीत आलो. नळाला पाणी का नाही, हुंड्याची स्कूटर कोणाच्या दारात उभी राहिली, रविवारी टीव्हीपुढे हात जोडून बसणारी माणसं सोमवारी दवाखान्यातली रांग का मोडतात, असलं काहीबाही. खाली कोणीही उत्तर लिहावं, खडू कोनाड्यात ठेवलेला असे. नियम दोनच. उत्तराखाली नाव हवं, आणि दिवस मावळेपर्यंत कोणाचीही ओळ पुसायची नाही, मला शिवी दिलेली असली तरी. क्रिकेटवर नावं भरपूर आली. जिथे अंगाशी येण्याची भीती, तिथे बिननावाचे शहाणे उगवले. तोंडावर बोलणाऱ्याशी भांडता येतं, उद्या बोलताही येतं. खडूला तोंड नसतं.

सन १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळली. आमच्या शाळेचा शिपाई आश्रुबा धापसे, त्याचं गावाकडचं घर त्यात गेलं. मी फळ्यावर लिहिलं, 'आश्रुबाचं घर जाळून आपण विद्यापीठ वाचवलं म्हणे. आता तिथे शिकायचं काय?' थोड्या वेळाने खाली ओळ आली, 'एवढा पुळका असेल तर पंतांनी पोरगी द्यावी त्यांच्यात.' नाव नव्हतं.

मी ओला फडका घेऊन धावलो. हेमाने माझा हात धरला. म्हणाली, "नियम तुमचाच आहे ना बाबा? राहू द्या." मग तिने त्या ओळीखाली लिहिलं, 'लिहिणाऱ्याने खाली नाव लिहावं. हेमा वालूरकर.' कोणी लिहिलं ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. त्याने आपणहून नाव लिहावं, एवढीच तिची मागणी होती. दिवसभर गावाने तो फळा वाचला. नाव आलं नाही. हेमाची परभणीला जमलेली सोयरीक आठवड्याच्या आत मोडली. ती परत जुळली नाही आणि दुसरीही जमली नाही. हेमा आता परभणीत शिकवते, एकटी राहते. मला बोल लावत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. म्हणून भिंत तिची.

कलम २. ती ओळ माझे शेजारी व जुने स्नेही दिनकरराव पौळ यांनी लिहिली. त्याच संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी कशाला लिवू पंत? पोरासोराचं काम असंल." असं म्हणून चहा प्यायले. तेव्हापासून आजतागायत रोज पितात आणि मीही पाजतो. शेजार सोडून जाणार कुठे? फुलाफुलांचा कप त्यांचाच झाला आहे, तो त्यांना द्यावा. माझ्या शोकसभेत मात्र त्यांनी बोलू नये. गळा काढायचाच असेल तर फळ्यावर काढावा, नावानिशी.

कलम ३. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. रेडिओ अनंताला. पुस्तकं वाचनालयाला देऊ नयेत, तिथे लोक पेपरातलं कोड्याचं पान फाडून नेतात. ती हेमाच्या शाळेला द्यावीत.

कलम ४. विद्यापीठाचं नामांतर अजून झालेलं नाही. होईल त्या दिवशी हेमाने फळ्यावर फक्त बातमी लिहावी आणि खाली उत्तरासाठी जागा सोडावी. कोनाड्यात नवा खडू ठेवावा.

कलम ५. साक्षीदार मी मुद्दाम निवडले आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, मी म्हणतो. आश्रुबा म्हणाला, "मला काय वाचायचं सर, तुमी लिवलंय न्हवं." तरी मी वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्याने सही कुठे करायची ते विचारलं. दिनकररावांनी दुसरं कलम पुन्हा वाचलं. म्हणाले, "पंत, हे एवढं काढता येतंय का? लय दिवस झाले आता." मी सांगितलं, त्या दिवशी तुमची ओळही काढली नव्हती. ते पेन हातात धरून बसले आहेत आणि हे मी त्यांच्यादेखतच लिहीत आहे. त्यांनी सही केली नाही तर दुसरा साक्षीदार मिळेल. त्यांना कप मात्र मिळणार नाही.

येणेप्रमाणे ही माझी शेवटची इच्छा. यापूर्वी कुठे काही लिहिलं असेल तर ते पुसलं असं समजावं.

स्थळ : सेलू, फळ्याच्या भिंतीला लागून असलेली खोली
दिनांक : १७ नोव्हेंबर १९९१

(सही) विष्णुपंत गोविंदराव वालूरकर

साक्षीदार :
(सही) आश्रुबा किसन धापसे
(सही) दिनकरराव माणिकराव पौळ. फळ्यावरची ती ओळही माझीच.